‘तात्पुरते’ म्हणजे किती वर्षे?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागल्या आठवड्यातल्या आपल्या अग्रलेखात तीन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. मोठ्या कंपन्या बुडू देणे देशाला परवडत नाही. संकटाच्या वेळी सरकारच्या हाती जादा अधिकार असायलाच हवेत. आणि सीमेवर वातावरण तापलेले असताना खर्चाचा हिशेब मागत बसणे बरे दिसत नाही. शेवटी 2008 साली अमेरिकेने बँका कशा तारल्या त्याचा दाखला. अग्रलेख मी दोनदा वाचला. ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हे शब्द त्यात चार वेळा आले आहेत. मोजायची सवय आहे, आयुष्यभर तेच केले.

इतवारीत सराफ्याच्या मागच्या गल्लीत माझे काटादुरुस्तीचे दुकान होते, एकेचाळीस वर्षे. किराणावाल्यांच्या तराजूच्या दांड्या, भाजीवाल्यांची वजने, सराफांचे काचेच्या पेटीतले काटे, पुढे पुढे इलेक्ट्रॉनिक. वैधमापन खात्याचे लायसन होते. ज्यांनी कधी वजन उलटे करून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खळगा असतो, त्यात शिसे ठोकलेले असते. वजन झिजून हलके झाले की आम्ही थोडे शिसे वाढवायचे, भारी असले तर खरवडायचे, आणि मग इन्स्पेक्टर साहेब त्या शिशावर शिक्का मारायचे. शिक्क्यात वर्ष असते आणि तिमाहीचे अक्षर असते, ए, बी, सी किंवा डी. मुदत संपली की वजन कितीही बरोबर भरो, कायद्याच्या लेखी ते खोटे. परत आणा, परत तपासा, परत शिक्का.

म्हणजे मी जे काही खाल्ले ते सरकारी शिक्क्याच्या जोरावर खाल्ले. हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर इतवारीतले जुने गिऱ्हाईक पत्र वाचून म्हणतील, ‘हा पाहा बे, आता सरकारलेच शिकवून राह्यला.’ शिक्क्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार इतकीच की जे सरकार भाजीवालीच्या दोन किलोच्या वजनाला मुदत घालते, ते स्वतःच्या अधिकाराला मुदत घालत नाही. घातली तर पाळत नाही.

माझे वडील सोनार होते. सराफ्यातल्या एका पेढीवर मजुरीने डाग, म्हणजे दागिने, घडवायचे. त्यांची बसायची जागा म्हणजे चार फूट बाय तीन फूट. पुढ्यात शेगडी, फुंकणी, चिमटे, लहानशी ऐरण, तार ओढायची जंतरपट्टी, कसाचा दगड, एका डबीत सवागी. खाली गोणपाट. त्या गोणपाटावर वर्षभर जो कीस नि धूळ साचे, ती दिवाळीच्या आधी झारेकरी विकत घेऊन जाई आणि धुऊन त्यातून सोने काढी. कचऱ्यालाही भाव असलेला असा दुसरा धंदा मी पाहिला नाही.

नोव्हेंबर 1962. मी दहा वर्षांचा. आमच्या जुन्या मंगळवारीत संरक्षण निधीची सभा झाली. आईने गळ्यातल्या पोतीतली एक पुतळी, म्हणजे नाण्यासारखी सोन्याची चकती, द्यायचे ठरवले. बाबांनी स्वतः दोरा उसवला, पुतळी काट्यात टाकली, सोनारांच्या जुन्या वजनांत तीन मासे पाच गुंजा भरली, मग कागदात बांधून दिली. पावती मिळाली. ती पावती आजही आमच्या देवघराच्या खणात आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती, आणि दिल्याचे दुःखही नव्हते. लढाई 20 ऑक्टोबरला सुरू झाली होती आणि 21 नोव्हेंबरला चीनने आपणहून थांबवली. सभा मात्र त्यानंतरही चालू होत्या.

10 जानेवारी 1963 ला, संक्रांत चार दिवसांवर आलेली असताना, हुकूम निघाला: भारत संरक्षण नियमांखाली यापुढे 14 कॅरेटच्या वर सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. परकीय चलन वाचवायचे आहे, चोरटी आयात थांबवायची आहे, देश संकटात आहे, ही कारणे.

14 कॅरेट म्हणजे काय ते दिल्लीत बसून कळत नाही. चोवीस भागांत चौदा भाग सोने, बाकी दहा भाग तांबे नि चांदी. बावीसची तार जंतरपट्टीतून केसासारखी निघते. चौदाची मधेच तुटते; पुन्हा तापवा, पुन्हा ओढा. डाख सारखा धरत नाही. रंग तांबूस. कसाच्या दगडावर ओढली तर रेघच सांगते की यात सोने कमी आहे. बाबांनी नमुना म्हणून एक अंगठी केली. पेढीवर आलेल्या एका बाईने ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि ठेवून दिली. ‘लेकीच्या लग्नात गंजाची कडी घालू काय?’ एवढेच म्हणाली. गंज म्हणजे आमच्याकडे पातेले. ती अंगठी माझ्याकडे आहे. विकली तर काही हजार येतील, विकली नाही.

लग्नसराई कोरडी गेली. मार्चपर्यंत पेढीवरच्या सात कारागिरांतले दोन उरले. देशात ठिकठिकाणी सोनारांनी जीव दिल्याच्या बातम्या येत. आई तेव्हा पेपर आधी स्वतः पाहायची आणि मग बाबांच्या हाती द्यायची. काही दिवस तर द्यायचीच नाही, चुलीत घालायची. बाबांना वर्षभर धड काम नव्हते. मग हात बारीक कामाचा म्हणून इतवारीतल्या एका बोहरी शेठने त्यांना सराफांचे काटे दुरुस्त करायला ठेवले. त्याच कामातून पुढे आमचे दुकान झाले. दागिने घडवणारा माणूस दुसऱ्याच्या दागिन्यांचे काटे नीट करू लागला. बाबा एक वाक्य नेहमी बोलायचे: ‘लढाई चीनसंग झाली, अन् शेगडी माझी इझली.’

आता मुदतीचा हिशेब बघा. 14 कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, पण लायसन, रजिस्टर, तपासणी, हे राहिले. 1962 च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली आणीबाणी उठली 10 जानेवारी 1968 ला, म्हणजे त्या हुकमाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी. आणीबाणी गेली तर तिच्या नावाने आलेला नियमही जायला हवा होता. त्याऐवजी त्याच वर्षी संसदेने सोने नियंत्रण कायदा करून तो पक्का केला. तो रद्द झाला 1990 च्या जूनमध्ये. बाबा 1984 ला गेले. महिनाभराच्या लढाईच्या नावाने आलेले नियंत्रण सत्तावीस वर्षे टिकले. आणि चोरटे सोने थांबले म्हणाल, तर त्याच वर्षांत समुद्रातून येणाऱ्या सोन्यावर मुंबईत कोण कोण मोठे झाले ते सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ज्याच्याकडे होडी होती तो तरला, ज्याच्याकडे फुंकणी होती तो बुडाला.

हा एकदाच झालेला अपघात असता तर मी गप्प बसलो असतो. 1971 चे युद्ध 3 डिसेंबरला सुरू झाले, 16 ला ढाक्यात शरणागती झाली. दोन आठवडे. त्या युद्धासाठी जाहीर केलेली आणीबाणी उठली मार्च 1977 मध्ये. सव्वापाच वर्षे. मधे जून 1975 ला तिच्यावर दुसरी चढवली, त्यात नागपूरच्या जेलमध्ये कोण कोण होते ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. 1962 च्या नियमांखाली तर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घरांतून उचलून देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. देवळी म्हणजे आपली वर्ध्याजवळची नव्हे, राजस्थानातली. त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले.

आणखी मागे गेलात तर इंग्रजांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला 1860 साली, 1857 च्या बंडाचा खर्च भरून काढायला. तोही पाच वर्षांपुरता. 1865 ला खरोखर बंद झाला, हे इंग्रजांच्या बाजूने सांगायला हवे; मग चार वर्षांनी परत आला. दुसऱ्या महायुद्धातल्या धान्य-कापडाच्या नियंत्रणांसाठी 1946 ला जो कायदा झाला त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ हे शब्द होते. 1955 ला त्याची जागा जीवनावश्यक वस्तू कायद्याने घेतली, आणि या नव्या नावात ‘तात्पुरते’ उरले नाही. निदान तेवढा प्रामाणिकपणा दाखवला.

माझे म्हणणे सैनिकांविरुद्ध आहे असे कोणी काढू नये. माझा चुलतभाऊ कामठीच्या गार्ड्स केंद्रातून भरती झाला आणि हवालदार होऊन घरी आला. तो गावी पारावर बसून टीव्हीवरच्या अँकरला जितक्या शिव्या देतो तितक्या मी पत्रात लिहू शकत नाही. लढायचे म्हणजे काय ते त्याला माहीत आहे, म्हणून लढाईची घाई त्याला नसते. घाई असते ती दुसऱ्यांना.

आणि घाईवरूनच अमेरिकेचा दाखला. माझा भाचा 2008 साली न्यू जर्सीत नोकरीला होता, त्यामुळे तो सगळा तमाशा आम्ही रात्रीच्या फोनवर ऐकला. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला सरकारी तिजोरीच्या आधाराने 85 अब्ज डॉलर. मग 700 अब्ज डॉलरचे विधेयक. 29 सप्टेंबरला लोकांनी आपापल्या प्रतिनिधींना फोन करकरून भंडावले, आणि विधेयक 228 विरुद्ध 205 मतांनी पडले. भाचा फोनवर ओरडत होता, ‘मामा, पडलं!’ शेअर बाजार आपटला, सगळीकडून सांगू लागले की आता उद्याचा दिवस उजाडणार नाही, आणि 3 ऑक्टोबरला तेच विधेयक थोडे गोंडे लावून पास झाले. पुढच्या मार्चमध्ये त्याच एआयजीने बोनस वाटले, 16 कोटी 50 लाख डॉलर. ज्या विभागाने कंपनी खड्ड्यात घातली त्या विभागातल्या लोकांना.

आपण लिहिले आहे की अमेरिकी बँकांनी ते पैसे परत केले. बरोबर आहे, बऱ्याच जणांनी व्याजासह केले, तुमचा आकडा मी खोडत नाही. पण काट्यात पाहायचे असते ते दोन्ही पारड्यांत. भाच्याच्या शेजारच्या कुटुंबाचे घर हप्ते थकले म्हणून गेले; त्यांच्यासाठी शनिवार-रविवार बसून कोणी विधेयक लिहिले नाही. आणि ज्या बँकेला एकदा कळले की आपण एवढे मोठे आहोत की आपल्याला बुडू देणार नाहीत, तिने ती शिकवण व्याजासह परत केली का?

या सगळ्यात मला एका माणसाचे नवल वाटले. टेक्सासचे रॉन पॉल, पेशाने बाळंतपणाचे डॉक्टर, अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य. त्यांनी 2008 च्या या विधेयकाविरुद्ध मत दिले, आणि त्याआधी 2002 च्या ऑक्टोबरात इराकवर लष्कर वापरायची परवानगी देणाऱ्या ठरावाविरुद्धही. त्या वेळीही हेच सांगितले होते की वेळ नाही, सद्दामकडे संहारक अस्त्रे आहेत, आधी मत द्या. मार्च 2003 ला युद्ध सुरू झाले. अस्त्रे सापडली नाहीत. त्याच सभागृहातल्या दुसऱ्या सदस्य बार्बरा ली तर पॉल यांच्या अगदी उलट टोकाच्या विचारांच्या. 14 सप्टेंबर 2001 ला लष्कर वापरायची परवानगी देणाऱ्या ठरावावर त्यांच्या सभागृहात 420 विरुद्ध एक असे मतदान झाले, ते एक मत ली यांचे. अकरा सप्टेंबरचा हल्ला करणाऱ्यांपुरता म्हणून तो ठराव होता. पुढे त्याच कागदाच्या आधाराने ज्या देशांत बॉम्ब पडले त्यांतल्या कितींची नावे मत देणाऱ्यांना त्या दिवशी सुचली असती? पॉल यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण युद्ध असो की बँक, ‘आधी सही, मग कागद वाचू’ म्हणणाऱ्याला दोघांनी नाही म्हटले. आमच्या धंद्यात असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचे वजन हमखास हलके निघायचे.

आपल्याकडे तर सहीही कोणी मागत नाही. टाटांची विमान कंपनी सरकारने 1953 ला ताब्यात घेतली. 2012 ला तिला वाचवायला 30,231 कोटींची योजना मंजूर झाली. दहा वर्षांनी, जानेवारी 2022 ला, ती परत टाटांकडेच गेली, 18,000 कोटींच्या सौद्यात. त्यातले रोख 2,700, बाकीचे कर्ज त्यांनी डोक्यावर घेतले. मधल्या एकोणसत्तर वर्षांचे तिकीट कोणी काढले? मी आयुष्यात विमानात दोनदा बसलो. 2017 च्या ऑक्टोबरात सरकारी बँकांसाठी 2 लाख 11 हजार कोटींची भांडवलाची योजना जाहीर झाली, मोठ्या थकबाकीदारांनी पाडलेला खड्डा भरायला. 2025 मध्ये व्होडाफोन आयडियाचे स्पेक्ट्रमचे 36,950 कोटींचे देणे सरकारने शेअर्समध्ये बदलून घेतले आणि हिस्सा 48.99 टक्के झाला. म्हणजे आता मी, माझी नात आणि आमच्या चौकातला ई-रिक्षावाला, सगळे त्या कंपनीचे भागीदार. नातीला सांगितले तर ती म्हणाली, ‘आबा, मग रेंज का येत नाही?’

सरकारने हातात घेऊन जगवलेले आम्ही नागपूरकरांनी जवळून पाहिले आहे. माझे मोठे काका एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी 1877 ला सुरू केलेली मिल, 1986 ला राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. काका म्हणायचे, आता मरण नाही, सरकार मालक आहे. मिल गेली. भोंग्याच्या जागी मॉल आहे.

उलट ज्यांनी सरकारकडे फक्त ‘बाजूला व्हा’ एवढेच मागितले त्यांना काय मिळाले ते माझ्या मेव्हण्याला विचारा. सावनेर तालुक्यातला कापूसवाला. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस विकायचा तो सरकारलाच. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, दोन-दोन रात्री बैलांसकट मुक्काम, ग्रेडरने नाक मुरडले की प्रत खाली, आणि चुकाऱ्याची वाट पाहता पाहता पोळा निघून जायचा. तिकडे पंधरा कोसांवर मध्य प्रदेशात भाव जास्त. स्वतःच्या शेतातला कापूस नाक्यावरून पलीकडे नेला की तो चोरटा माल. मेव्हण्याने एकदा कंदील विझवून, बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढून सौसरच्या बाजूने बंडी काढली होती. पकडली गेली नाही, पण त्या रात्रीची गोष्ट सांगताना तो आजही आवाज खाली करतो. शरद जोशींच्या सभांना हा माणूस उगाच नव्हता जात. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ यात अनुदान कुठे मागितले आहे? मला वाटते त्या घोषणेतले पहिले दोन शब्द सगळ्या पक्षांनी सोयीने गाळले.

आता माझे स्वतःचे. 2014 ला मी दुकान दिले, पागडीचे आले ते साडेतीन लाख एका पतसंस्थेत ठेवले. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त, संचालक ओळखीचे, आणि फलकावर ‘शासनमान्य’. मीही शिकलेला मूर्ख. ‘शासनमान्य’ वाचले आणि वजन उलटे करून शिक्क्याची तारीख पाहायची विसरलो. 2017 च्या दिवाळीनंतर एका सकाळी शटर अर्धे खाली, आणि त्यावर खडूने नव्हे, चांगली पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी: ‘व्यवहार तात्पुरते बंद आहेत’. पाटी रंगवून घेतली तेव्हाच समजायला हवे होते. पुढे प्रशासक आला, त्याच्यानंतर दुसरा आला. मला आजवर 11,000 रुपये मिळाले. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो लागू नाही, हे मला शटर पडल्यावर कळले.

आणि इथे मी काय केले तेही लिहितो. बाकीच्या ठेवीदारांबरोबर संविधान चौकात जाऊन बसलो, रिझर्व्ह बँकेच्या भिंतीसमोर, हातात फलक घेऊन: ‘सरकारने आमचे पैसे परत करावेत’. पतसंस्थेचा आणि रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक होते. घरी आलो तर सौ. म्हणाली, ‘मोठ्या कंपन्याईले देल्लं तं तुमी पेपर फेकता, अन् सोता मांगाले गेले?’ मला उत्तर सुचले नाही. रात्री सुचले, पण तेही पुरते पटणारे नाही. माझे पैसे सरकारने दिले तर ते देणार कोणाच्या खिशातून? त्या चहावाल्याच्या, जो साखरेवर, दुधाच्या पिशवीवर, गॅसवर कर भरतो आणि ज्याने कधी दीड टक्का जादा व्याजाची हाव धरली नाही. सरकारचे काम संचालकांच्या जमिनी शोधून, विकून ठेवीदारांना देण्याचे आहे. त्यासाठी राज्यात 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, विशेष न्यायालय आहे. नेमके तेच काम सावकाश चालते. जे करायचे नाही तिथे रविवारी विधेयक, जे करायचे तिथे तारीख पे तारीख. असे असले तरी उद्या सरकारने चेक पाठवला तर मी परत करीन का? नाही करणार. वय त्र्याहत्तर आहे आणि मी संत नाही. म्हणूनच मला वाटते की असा चेक लिहिण्याची सोय कोणाच्या हातात ठेवू नये. घेणारा कोणीच नाही म्हणत नाही.

आपल्याकडे एक मागणे आहे. सरकार एखादी कंपनी वाचवते, आणीबाणीचा नियम काढते, सैन्य कुठे पाठवते, तेव्हा आपण बातमी पहिल्या पानावर छापता. त्याच पानावर कोपऱ्यात एक चौकट टाका, बसच्या तिकिटाएवढी. अधिकार कोणता घेतला, किती दिवसांसाठी, खर्च किती सांगितला. आणि ती मुदत संपेल त्या दिवशी तीच चौकट पुन्हा छापा, नुसती, अग्रलेख नको. मुदत लिहिलेलीच नसेल तर जागा कोरी सोडा. चार ओळींचे काम आहे, पगारी माणूस लागणार नाही. लागला तर मी येऊन करून देतो, डोळे अजून बरे आहेत.

बाबांचा लहान काटा माझ्याकडे आहे. पितळी पारडी, रेशमी दोरे, लाकडी डबी, डबीत गुंजा. त्याच्यावरचा शेवटचा शिक्का 1962 चा. माझ्याकडे लायसन होते, ओळखीचे इन्स्पेक्टर होते, नवा शिक्का दहा मिनिटांत मारून मिळाला असता. कधी नेला नाही. मागच्या पोळ्याला नातीने हट्ट केला म्हणून आईच्या पोतीतली उरलेली एक पुतळी त्यात टाकून पाहिली. तीन मासे पाच गुंजा.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये ही विनंती. पतसंस्थेच्या दाव्यात पुढची तारीख लागली आहे आणि वकील म्हणतात, पेपरात काही लिहू नका. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे.

आपला,
एक जुना काटेवाला
जुनी मंगळवारी, नागपूर